टारपनला घास भरवताना

अमेरिकेत फ्लोरिडातील आयलामोराडा येथे, रॉबीज मरीनाच्या धक्क्यावर पर्यटक टारपन माशांना हाताने मासळी भरवतात. दोन मीटरहून लांब वाढू शकणारा हा मासा उसळी मारून घास ओढतो. त्याला मोठे सुळे नसतात. पण कानशीसारख्या खरखरीत जबड्याने हात खरचटतो. हा ओरखडा किरकोळ समजू नये. समुद्राच्या कोमट पाण्यात ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ हे जिवाणू असू शकतात. जखमेतून ते शरीरात शिरल्यास संसर्ग झपाट्याने पसरून जिवावर बेतू शकतो. यकृताचा विकार किंवा मधुमेह असणाऱ्यांना धोका अधिक. हाताला आधीच जखम असल्यास मासे भरवू नयेत. खरचटल्यास लगेच साबण व स्वच्छ पाण्याने धुवावे. सूज, फोड, ताप दिसल्यास तातडीने डॉक्टर गाठावेत आणि जखमेला समुद्राचे पाणी लागल्याचे आवर्जून सांगावे.