मर्लफेस्ट : आठवणींनी जपलेलं संगीत

गिटारवादक मर्ल वॉटसन १९८५ मध्ये ट्रॅक्टरच्या अपघातात गेला. त्याच्या स्मरणार्थ १९८८ पासून नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्सबरो इथे ‘मर्लफेस्ट’ भरू लागला. त्याचे वडील, गिटारवादक डॉक वॉटसन २०१२ मध्ये वारले, तरी महोत्सव थांबला नाही. चाहत्यांचं हे प्रेम म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, असा आक्षेप कुणी घेईल. आठवणीत कलावंत मोठा होत जातो, हे खरंच. पण डॉकची थोरवी पडताळायला ध्वनिमुद्रणं आहेत : फिडलच्या जलद धुना हा अंध वादक गिटारवर लीलया वाजवायचा. शिवाय ब्लूग्रास हे अमेरिकी लोकसंगीत बरंचसं ऐकून आणि सोबत वाजवून शिकलं जातं. तिथे लाडक्या वादकाची आठवण काढणारे त्याची धूनही पुढे पोचवतात. म्हणून हा जिव्हाळा मला परंपरेच्या जतनाचाच भाग वाटतो.