हेल्मुट वाल्खा : एकेक पदर ऐकणारा प्राध्यापक

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण अवयव आणि अवयवी यांचा वाद पाहिला. अवयवी ही अवयवांहून वेगळी वस्तू आहे, असं नैयायिक म्हणतात. बौद्ध ते नाकारतात. हा वाद नुसता घटपटाचा नाही, हे समजून घ्यायला आज आपण एका जर्मन ऑर्गनवादकाकडे जाऊ.

हेल्मुट वाल्खा यांचा जन्म १९०७ चा, लायप्झिगचा. बाखने आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षं याच शहरात काढली. देवीची लस टोचल्यानंतर वाल्खांचे डोळे अधू झाले आणि विशीच्या आतच दृष्टी पूर्ण गेली. तरीही १९२९ मध्ये ते फ्रँकफुर्टच्या एका चर्चमध्ये वादक झाले, १९३८ मध्ये तिथल्या उच्च संगीत विद्यालयात प्राध्यापक. १९७२ पर्यंत त्यांनी शिकवलं.

आता, चर्चमधला ऑर्गन म्हणजे आपली बाजाची पेटी नव्हे. हातांसाठी पट्ट्यांच्या दोन-तीन रांगा, पायांसाठी खाली वेगळी रांग. बाखच्या सहा त्रिक-सोनाटा घ्या. उजवा हात एक चाल वाजवतो, डावा दुसरी, पाय तिसरी. कुणी कुणाचा साथीदार नाही. मग हे न बघता पाठ कसं करायचं?

वाल्खांची आई, आणि पुढे पत्नी, रचनेचा एकेक पदर सुटा वाजवून दाखवी. ते प्रत्येक पदर स्वतंत्र गाणं म्हणून मनात बसवत आणि मग सगळे मनातच एकत्र विणत. अशा रीतीने बाखचं ऑर्गनसंगीत त्यांनी आत्मसात केलं आणि दोनदा ध्वनिमुद्रित केलं : १९४७ ते १९५२ मध्ये एकदा, १९५६ ते १९७१ मध्ये पुन्हा. बाखच्या ‘द आर्ट ऑफ फ्यूग’मधली अपुरी राहिलेली शेवटची फ्यूगही त्यांनी आपल्या परीने पुरी केली. फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेतले विद्यार्थी त्यांच्याकडे येत, ते हे ऐकणं शिकायला.

अंधत्वावर मात केली, एवढं म्हणून आपण थांबतो. ते अपुरं आहे. डोळस वादकाला सगळे स्वर कागदावर एकदम दिसतात. दिसतात म्हणून ते कळलेच, असं नाही. वाल्खांना कळल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. माक्स रेगर या संगीतकाराची दाट, स्वरसमूहांनी भरलेली रचना वाल्खांना पटेना. त्यांनी त्यावर उघड टीका केली आणि आपल्या शिकवण्यातून रेगरला वगळलं. तिथे पदर सुटे होत नाहीत, एकत्रित नादच बोलतो. म्हणजे ज्या वाटेने बाख हाती आला, तीच वाट रेगरच्या दाराशी अडली.

आम्ही मास्तर मंडळींनी हे लक्षात ठेवायला हवं. आपली पद्धत जे दाखवते त्याचा आपल्याला अभिमान असतो. ती काय झाकते, हे विद्यार्थ्याला कोण सांगणार? पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.