काळ्या कातळातील स्फटिकांचे वैभव

कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावरील मलकापूर आणि पश्चिमेकडील आंबा घाटाचा परिसर दख्खनच्या लाव्हापठारात मोडतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसातून येथील काळा बेसाल्ट घडला आणि माथ्यावरील अनेक सड्यांवर त्याच खडकाच्या दीर्घकालीन झिजेतून जांभा तयार झाला. छतातून लोंबणारे किंवा तळातून उभे राहणारे लवणस्तंभ मात्र प्रामुख्याने चुनखडकाच्या गुहांत आढळतात, कारण कार्बन डायऑक्साइड मिसळलेले पावसाचे पाणी चुनखडक विरघळवते आणि गुहेत ठिबकताना तो वायू निसटला की कॅल्साइट हे खनिज मागे उरते. लेबनॉनमधील जैता गुहेतील ८.२ मीटर लांबीचा अधोमुखी लवणस्तंभ याच क्रियेतून घडला असून तो जगातील सर्वांत लांब ज्ञात स्तंभांपैकी एक मानला जातो.

स्फटिकांचा विक्रम मात्र वेगळ्या परिस्थितीत घडला. मेक्सिकोतील नायका येथील खाणीत, सुमारे ३०० मीटर खोलीवर, २००० साली एक गुहा उघडकीस आली आणि तीत जिप्समचे ११ मीटरहून अधिक लांबीचे स्फटिक आढळले. खालच्या मॅग्माने तापलेले, खनिजांनी समृद्ध पाणी तेथे प्रदीर्घ काळ सुमारे ५८ अंश सेल्सिअसच्या किंचित खाली राहिले. या तापमानाला ॲनहायड्राइट हे पाणीविरहित खनिज हळूहळू विरघळते आणि त्यातून सुटलेले घटक जिप्समच्या मोजक्याच स्फटिकांवर जमत जातात. त्यांची वाढ इतकी संथ असते की १ मीटर जाडी येण्यास सुमारे १० लाख वर्षे लागतात. पुढे खाणीतील पाण्याचा उपसा थांबल्यावर ही गुहा पुन्हा पाण्याखाली गेली.

मोकळी जागा, खनिजयुक्त पाणी आणि दीर्घ स्थैर्य या तिन्ही गोष्टी दख्खनच्या बेसाल्टानेही पुरवल्या, फक्त लहान प्रमाणात. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, नंतर खडकातून झिरपणाऱ्या कोमट पाण्याने कॅल्शियम, सोडियम व सिलिका वाहून आणली आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट ही झिओलाइट खनिजे, म्हणजे सूक्ष्म छिद्रांत पाणी धरणारी सिलिकेटे, तसेच ॲपोफिलाइट व कॅल्साइट वाढले. पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींतील निळेशार कॅव्हनसाइट हे याचे सर्वांत विलक्षण फळ आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन असलेले हे खनिज अमेरिकेतील ऑरेगनमध्ये प्रथम सापडले, तरी त्याचे सर्वोत्तम नमुने वाघोलीनेच जगाला दिले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात महाराष्ट्रातील अशा स्फटिकांचा मोठा संग्रह पाहावयास मिळतो.

विहिरी, बोगदे आणि दगडखाणी यांच्या खोदकामातच या पोकळ्या उघड्या पडतात आणि बहुतेकदा सुरुंगाने नष्ट होतात. एका पोकळीत कोणते खनिज आधी व कोणते नंतर वाढले, यावरून प्राचीन पाण्याचे तापमान व घटक समजतात. म्हणून स्फटिक कोणत्या गावी, कोणत्या थरात आणि कोणत्या खनिजाच्या सोबतीने सापडला, याची नोंद त्याच्या सौंदर्याइतकीच मोलाची ठरते. ही नोंद ठेवण्यास महाग उपकरणे लागत नाहीत, छायाचित्र, मोजपट्टी आणि वही पुरेशी असते. मलकापूरसारख्या गावांतील शाळा-महाविद्यालयांनी खोदकामांच्या वेळी हे काम अंगावर घेतले, तर दख्खनच्या भूगर्भाचा इतिहास दगडखडीत हरवण्याआधी जतन होऊ शकेल.