पिशवीत नसलेले कागद

संगमनेरला आत्याच्या कपाटात वरच्या खणात कापडदुकानाची एक पिवळी पिशवी असते. त्या पिशवीत आत्याची शुगर राहते. १९९९ सालच्या पहिल्या रिपोर्टपासून परवाच्या चिठ्ठीपर्यंत एकही कागद तिने टाकलेला नाही. या दिवाळीत फराळ झाल्यावर मी ती पिशवी सतरंजीवर पालथी केली आणि कागद सालवार लावत बसलो. पंचवीस-सव्वीस वर्षांत तिच्या अंगात नेमकं काय काय तपासलं गेलं, एवढंच बघायचं होतं.

साखरेच्या रिपोर्टांनी शंभरी ओलांडली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी २०११ मध्ये पहिल्यांदा दिसते, मग अधूनमधून. क्रिएटिनिन नऊ वेळा आणि कोलेस्टेरॉल सहा वेळा. डोळ्यांचे कागद दोन, तेही मोतीबिंदूचे. पडदा पाहिल्याची नोंद कुठेच नाही. लघवीतल्या अल्ब्युमिनचा रिपोर्ट एकच. पायांबद्दल एक ओळही सापडली नाही.

आत्या हयगय करणाऱ्यांतली नाही. दर तीन महिन्यांनी सकाळी उपाशीपोटी पहिली सुई, मग बसस्थानकाजवळ चहा-पोहे, दोन तासांनी दुसरी सुई, आकडा, गोळ्या, घर. हा नेम तिने एकादशीसारखा पाळला. तिच्याकडून जे मागितलं गेलं ते सगळं तिने दिलं. मागितलंच गेलं नाही, ते पिशवीत नाही.

गंमत म्हणजे या घरातली शुगरची गोष्ट सुरू झाली ती लघवीपासूनच. आत्याच्या सासऱ्यांना ऐंशीच्या दशकात मधुमेह निघाला. तेव्हा दर पंधरवड्याला ती खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली पदराखाली लपवून दवाखान्यात न्यायची. तिथे स्पिरिटच्या दिव्यावर बेनेडिक्टचं निळं द्रावण उकळायचं. पाच मिलीत आठ थेंब लघवी टाकायची आणि रंग बघायचा. निळाच राहिला तर उत्तम. हिरवा, पिवळा, नारिंगी असा चढत गेला तर काळजी, आणि विटकरी झाला तर घरी आंबे बंद. पुढे रक्तातली साखर मोजणं सोपं झालं, मग बोटाला टोचून घरच्या घरी आकडा सांगणारं यंत्र आलं. बाटली गेली, ती योग्यच गेली. लघवीत साखर उतरते ती रक्तात बरीच चढल्यावर, तेव्हा त्या रंगावर विसंबणं धोक्याचंच होतं. पण बाटलीबरोबर लघवी तपासायची सवयही गेली.

नेमक्या त्याच काळात जगात उलटं घडत होतं. १९९३ मध्ये टाइप १ मधुमेहावरच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाने आणि १९९८ मध्ये टाइप २ वरच्या ब्रिटिश अभ्यासाने दाखवून दिलं, की साखर आवरली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा यांची हानी कमी होते. ही हानी सुरुवातीला मुकी असते, दुखत-खुपत नाही, शोधावी लागते. त्यातून वर्षाच्या तपासण्यांची यादी पक्की होत गेली: एचबीएवनसी, रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, पाय, डोळ्याचा पडदा, आणि तंबाखूचा प्रश्न. लघवी परत आली होती, या वेळी साखरेसाठी नव्हे तर प्रथिनासाठी. मूत्रपिंडाची चाळणी झिजू लागली की अल्ब्युमिन गळायला लागतं, आणि ते क्रिएटिनिन वाढण्याच्या पुष्कळ आधी कळू शकतं. ही बातमी पिवळ्या पिशवीपर्यंत पोचायला २०२२ साल उजाडलं.

सगळा दोष आपल्याच माथी मारू नये. इंग्लंड-वेल्समध्ये २००३-०४ पासून दरवर्षी मोजतात की किती मधुमेहींच्या सगळ्या तपासण्या झाल्या. तिथे तपासणीला पैसे पडत नाहीत, बोलावणं घरी येतं, तरी चांगल्या वर्षांतही टाइप २ च्या निम्म्या किंवा थोड्या अधिक लोकांचीच यादी पूर्ण होते. सगळ्यात जास्त गळते ती लघवीचीच तपासणी. हे वाचून मला आत्याबद्दल जरा बरं वाटलं. निदान ते मोजतात, हेही तेव्हाच जाणवलं.

आपल्याकडे मोजणी झाली ती बहुतेक रुग्ण किती याची. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांत राज्यात ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह होता, शहरात १०.९ आणि खेड्यात ६.५. २०२३ मध्ये देशाचा आकडा आला, १० कोटी १० लाख. मधुमेह आहे असं ठाऊक असलेल्यांपैकी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तिन्ही आटोक्यात असलेले निघाले अवघे ७.७ टक्के. २०१५ ते २०१९ मध्ये पन्नाशीपुढच्यांच्या डोळ्यांची राष्ट्रीय पाहणी झाली. त्यात मधुमेह ठाऊक असलेल्या दहांतल्या सुमारे नऊ जणांचा पडदा कधी तपासलाच गेलेला नव्हता. आत्या त्या नऊंतली.

पडद्याचं का राहतं, हे संगमनेरात राहून चांगलं कळतं. डोळ्यांची शिबिरं कमी नाहीत, पण ती मोतीबिंदूची. पडदा बघायचा तर थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते, पुढचे काही तास धूसर दिसतं, म्हणजे सोबत कुणीतरी हवं आणि दिवस मोडायचा. "दिसतंय की मला चांगलं, सुईत दोरा ओवते मी," हे आत्याचं उत्तर. त्याला तोड नाही, आणि नेमकं तेच फसवं आहे. पडद्यावर रक्तवाहिन्या फुटायला लागल्या तरी सुईत दोरा जातोच.

पायांची गोष्ट जास्त बोचणारी आहे. आत्याने वीसेक वर्षं विड्या वळल्या. संगमनेरात हा धंदा जुना. मांडीवर सूप, सुपात पानं नि जर्दा, आणि तासन् तास मांडी घालून बैठक. पायाला मुंग्या येतात, तळव्याखाली कापूस असल्यासारखं वाटतं, असं ती सांगायची तेव्हा आम्ही सगळेच म्हणायचो, बैठकीमुळे होत असेल. बधिरपणाचा दोष धंद्यावर गेला आणि आजार नामानिराळा राहिला. तपासायला लागतं काय, तर नायलॉनचा एक तंतू. दहा ग्रॅम दाबाला तो वाकतो. तळव्यावर ठिकठिकाणी टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या माणसाला कळलं का ते विचारायचं. दोन-तीन मिनिटांचं काम. आपल्याकडे तर दवाखान्यात चपला दाराबाहेरच काढून आत जायची पद्धत. सव्वीस वर्षं आत्या अनवाणी पायांनी डॉक्टरांसमोर बसली आणि त्या पायांकडे कुणी वाकून पाहिलं नाही.

सरकार गप्प बसलं होतं असं नाही. मधुमेह, कर्करोग, हृदयविकारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये १०० जिल्ह्यांत सुरू झाला. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली, समुदाय आरोग्य अधिकारी आले, आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाच्या कमरेला टेप लावून अर्ज भरू लागल्या. त्या टेपला आपल्याकडे अर्थ आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की आपल्याकडचं बाळ वजनाला हलकं पण चरबीला भारी जन्मतं. तेव्हा अंगाने काटक दिसणाऱ्या शेतकऱ्याने आपल्याला शुगर होणार नाही असं समजू नये. आशाताईंच्या या फेरीत कितीतरी नवे रुग्ण सापडले. पण ही सगळी धडपड शोधण्याची. जी १९९९ मध्येच सापडली, तिचं पुढे काय, हा रकाना त्या अर्जात नाही. मे २०२३ मध्ये केंद्राने २०२५ पर्यंत साडेसात कोटी रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणायचं ठरवलं, तेही औषध आणि आकडा यांभोवतीच फिरत राहिलं असं मला वाटतं.

पैशाचा हिशेबही उलटा बसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस होतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणीही मोफत झाली. पण ज्यांची पावलं सवयीने खासगी दवाखान्याकडेच वळतात, त्यांना लघवीच्या तपासणीचे पैसे खिशातून काढावे लागतात. मग चिठ्ठीवर ती लिहिताना डॉक्टरांचाही हात आखडतो. गोळ्यांना आधीच इतके जातात, आणखी कशाला, हा विचार दुष्ट नाही.

२०२०-२१ पिशवीत जवळजवळ कोरं आहे. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आत्या जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणत राहिली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर राज्यात म्युकरमायकोसिस पसरला. ज्यांच्यात करोना, स्टेरॉइड आणि बेलगाम साखर एकत्र आली त्यांतल्या कित्येकांचे डोळे, जबडे गेले. इकडे गाडं लवकर रुळावर आलं नाही; ऑक्टोबर २०२१ मध्येही नगर जिल्ह्यातली ६१ गावं पुन्हा बंद करावी लागली, त्यांत संगमनेर तालुक्यातली बरीच होती.

२०२२ चा तो एकमेव रिपोर्ट एका तरुण डॉक्टरांमुळे झाला. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते, त्यांच्या जागी हे बसले होते. त्यांनी आकड्याकडे पाहिलं, मग विचारलं, "मावशी, लघवी कधी तपासली होती?" आत्या म्हणाली, "माझी कधीच नाही. सासऱ्यांची न्यायचे." रिपोर्टात अल्ब्युमिन ठरलेल्या मर्यादेच्या चौपट निघालं. रक्तदाबाची गोळी बदलली, मीठ तुटलं, लोणच्याची बरणी माझ्या घरी आली. दोन महिन्यांनी ते डॉक्टर दुसरीकडे गेले आणि पुन्हा लघवी कुणी मागितली नाही, हे मला या दिवाळीत सतरंजीवर बसून कळलं.

तपासणीची यादी मी कागदावर लिहून पिशवीला बाहेरून टाचणीने लावली. आत्याने ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि पायांपुढे बोट ठेवून विचारलं, "हे कोण बघणार?" पुढच्या आठवड्यात जायचं आहे. डबी लॅबवालेच देतात हे मी दोनदा सांगितलं, तरी तिने खोकल्याच्या औषधाची बाटली गरम पाण्याने धुऊन खिडकीत पालथी घातली आहे.