पळसाचा रंग आणि लोकरीची वीण

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात गोंडपिपरी हा तालुका आहे. त्याच्या एका अंगाने वर्धा वाहते, तर दुसऱ्या अंगाने वैनगंगा. पुढे या दोन्ही नद्या एक होतात व प्राणहिता हे नाव धारण करतात. फाल्गुन लागला की येथील रानांत पळस फुलू लागतो. झाडावर पान म्हणून उरत नाही. फांद्या केशरी फुलांनी झाकून जातात. ही फुले उकळून धुळवडीचा रंग करण्याची चाल फार जुनी आहे. तो रंग दोनचार वेळा धुतला की जातो. मग लोकरीवर तोच रंग टिकतो कसा?

याचे उत्तर तुरटीत आहे. नुसता रंग धाग्यावर वरवर बसतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. तुरटीतील ॲल्युमिनियमचा अंश मात्र एका बाजूने लोकरीला व दुसऱ्या बाजूने रंगाला धरून ठेवतो. अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात. शंभर ग्रॅम लोकरीला दहा ते पंधरा ग्रॅम तुरटी पुरते.

प्रथम लोकरीच्या लड्या सैल बांधून रिठ्याच्या कोमट पाण्यात धुतात, म्हणजे तिच्यातील तेलकटपणा जातो. नंतर तुरटीच्या पाण्यात त्या बुडवून मंद आचेवर तासभर ठेवतात. येथे घाई केल्यास सारा खटाटोप फुकट जातो. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. लोकर एकदम कढत पाण्यात टाकली किंवा चोळली, तर ते खवले एकमेकांत अडकतात आणि मऊ लोकरीचा घट्ट, आखडलेला गोळा होतो. तो पुन्हा सुटत नाही.

पळसाची फुले रात्रभर भिजवून, उकळून, गाळून घेतात. लोकरीच्या वजनाइतकी सुकी फुले घेतली, तर तुरटी दिलेल्या लोकरीवर पिवळा रंग चढतो. लोखंडी कढईत हाच रंग काळपट होतो. म्हणून भांडे स्टीलचे घ्यावे, आणि त्यात पुन्हा स्वयंपाक करू नये. रंगवलेल्या लड्या सावलीत वाळवतात. फुले झाडाखाली पडलेली वेचावी. झाडावरच्या फुलांतील मध पिण्यास पाखरे येतात, व त्यांच्यामुळेच पळसाला शेंगा धरतात. फांद्या ओरबाडणारा मनुष्य पुढच्या पिढीचा पळसच तोडतो.

आता वीण. आकडीच्या एकाच सुईने लोकर विणण्याच्या कलेला क्रोशा म्हणतात. हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थच लहान आकडी असा आहे. दोन सुयांच्या विणकामात सुईवर टाक्यांची रांग असते. क्रोशात मात्र एका वेळी बहुधा एकच फासा सुईवर उरतो. त्या फाशातून धागा ओढला की साखळी होते, आणि साखळीवर खांब उभारत गेले की कापड वाढते.

पुढून उघडणाऱ्या, गुंड्यांच्या स्वेटरला कार्डिगन म्हणतात. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली लढलेला इंग्रज सरदार लॉर्ड कार्डिगन याच्यावरून हे नाव पडले. पौषातील पहाटे अंगात घालण्यास असा स्वेटर फार उबदार असतो. लोकरीच्या फटींत कोंडलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही.

विणण्यापूर्वी एक लहान चौकोन विणून मोजावा लागतो. समजा, दहा सेंटिमीटरांत १५ टाके बसले. छाती ७२ सेंटिमीटर असेल, तर ८ सेंटिमीटर सैलपणा धरून घेर ८० होतो. त्याला १२० टाके लागतात : पाठीला ६० आणि पुढच्या दोन भागांना प्रत्येकी ३०. हात घट्ट असून दहा सेंटिमीटरांत १६ टाके बसले, तर तेच १२० टाके केवळ ७५ सेंटिमीटर भरतात. एका टाक्याच्या फरकाने स्वेटर अंगाला आवळतो ! सर्व लोकर एकाच भांड्यात रंगवावी, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. नाही तर एक बाही पिवळीधमक आणि दुसरी फिकी होते. शेवटचा फासा बंद केला नाही, तर एका ओढीने कित्येक दिवसांचे काम उसवते.

या आकडीने पुष्कळांना जगवले आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तेथील अनेक स्त्रियांनी क्रोशाच्या जाळ्या विणून घर चालवले. आपल्याकडे प्राणहितेचे पाणी गोदावरीला मिळते आणि समुद्राजवळ आंध्र प्रदेशातील नरसापूर गावापाशी पोचते. त्या भागातील स्त्रिया कितीतरी वर्षांपासून क्रोशाची जाळी विणत आल्या आहेत. मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले. ‘या तर घरी बसून फावल्या वेळात विणतात’ असे म्हणून त्या बायांना अत्यंत अल्प मजुरी दिली जात असे, हे तिने दाखवून दिले. वस्तुतः त्या दिवसाचे सहा ते आठ तास विणत असत.

कापडाचे माग यंत्रावर चालू लागले. पण खरा क्रोशा अजूनही हातानेच विणावा लागतो. म्हणून रुखवतातील एखादा रुमाल किंवा आईने विणलेला स्वेटर हाती घेताना त्यातील टाके मोजून पाहावे. प्रत्येक टाक्यासाठी कोणाचा तरी हात एकदा हललेला असतो. त्या हाताचे मोल जाणणे, हेच या कलेचे पहिले शिक्षण होय.