नंबर लोकल, कॉल ग्लोबल!

ऑफिसच्या डेस्कवरचा फोन उचलायचा, बाहेरच्या लाइनसाठी एक आकडा दाबायचा आणि घरी मोबाइलवर कळवायचं, ‘आज उशीर होईल!’ रोजचंच आहे, नाही का? पण त्या फोनच्या मागची वायर जरा बघा. बऱ्याच ऑफिसांमध्ये ती टेलिफोनची नसतेच. ज्या नेटवर्कवरून तुमचे ईमेल धावतात, त्याचीच ती केबल. मग आवाज मोबाइलपर्यंत पोचतो कसा? तर मध्ये एक दुभाषा बसलेला असतो. नाव त्याचं व्हॉइप गेटवे.

हिंजवडीतल्या एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये मी या महाशयांचं दर्शन घेतलं. वाटलं होतं, भलंमोठं धूड असेल. निघाला सेट टॉप बॉक्सचा थोरला भाऊ! सोबतचा नेटवर्क इंजिनीअर हसून म्हणाला, ‘‘दिसण्यावर जाऊ नका. अख्ख्या बिल्डिंगची बडबड यातूनच बाहेर पडते.’’

फंडा सोपा आहे. डेस्कवरचा फोन तुमचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतो. या आकड्यांची साधारण २० मिलिसेकंदांची एकेक पुडी बांधली जाते. म्हणजे सेकंदाला ५० पुड्या! नेटवर्कवर त्या पुढेमागे होतात, एखादी हरवतेही. गेटवे त्यांना क्षणभर थोपवतो, ओळीत लावतो आणि टेलिफोन कंपनीच्या लाइनवर सलग आवाज म्हणून सोडतो. अशा एका पीआरआय लाइनवर एका वेळी ३० कॉल चालतात. एकतिसाव्याला दुसरी लाइन नसेल, तर ‘बिझी’! आणि हे सगळं झटपट व्हायला हवं. आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा फार जास्त वेळ लागला, की दोघं एकदम बोलायला लागतात आणि मग ‘तू बोल, नाही तूच बोल’ सुरू.

आता प्रश्न, कुठला कॉल कुठल्या लाइनने पाठवायचा? त्यासाठी गेटवेकडे नियमांची यादी असते. समजा एक नियम म्हणतो, ‘०० ने सुरू होणारे आयएसडी कॉल पहिल्या कंपनीच्या लाइनने.’ दुसरा म्हणतो, ‘००९७१ म्हणजे यूएई, ते दुसऱ्या कंपनीने, कारण तिचा रेट कमी.’ तुम्ही दुबईला फोन लावला तर दोन्ही नियम लागू होतात. पण जास्त आकडे जुळणारा नियम जिंकतो. ती लाइन बंद असेल, तर कॉल पुढच्या पर्यायाकडे. आपल्याला पत्ताही लागत नाही.

इथवर सगळं मस्त. पण याच यंत्राचा एक बदमाश भाऊबंद आहे: सिम बॉक्स. त्यात पीआरआय लाइनच्या जागी ढीगभर सिमकार्डं असतात. परदेशातला कॉल इंटरनेटवरून येतो आणि इथल्या सिममधून बाहेर पडतो. तुमच्या स्क्रीनवर साधा दहा आकडी भारतीय नंबर! कॉलचा अधिकृत चार्ज बुडतो आणि खरा बोलणारा कोण, हे शोधणं पोलिसांना जड जातं.

गेल्या वर्षी माझ्या मावशीला असाच एक फोन आला. ‘तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, व्हिडिओ कॉलवर या, कुणाला सांगू नका.’ नंबर इथलाच दिसत होता, म्हणून तिला ते खरं वाटलं. नशीब, तिने फोन कट करून मला विचारलं. तो कॉल नेमका कुठून आला, ते आम्हाला आजही माहीत नाही.

दुसरी युक्ती म्हणजे परदेशातूनच कॉलवर खोटा भारतीय नंबर चिकटवायचा. ती रोखणारी यंत्रणा केंद्र सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ ला सुरू केली. पहिल्या २४ तासांत सुमारे १.३५ कोटी कॉल अडवल्याचं सरकारने सांगितलं. पण सिम बॉक्सचा कॉल खऱ्याखुऱ्या भारतीय सिमवरून येतो, त्यामुळे तो या चाळणीतून निसटू शकतो.

तेव्हा मंडळी, नंबरवर भरवसा नको. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. शंका आली की फोन ठेवा आणि त्या ऑफिसचा अधिकृत नंबर शोधून स्वतः फिरवा. परदेशी कॉल असूनही लोकल नंबर दिसला, तर ‘संचार साथी’वर कळवा. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० लावा. आणि हो, हे घरच्या मोठ्यांनाही आजच सांगा!