एक मिलिमीटरचा बोगदा

आषाढ सरत आला की मोरया गोसावींच्या चिंचवडपासून भोसरी-मोशीपर्यंत संध्याकाळी ढोलांचा सराव ऐकू येऊ लागतो. पहिली पाळी सुटली की चाकणहून बसनं उतरलेली मुलं घरी न जाता थेट मैदानात येतात. गणपतीत पथकाचा पांढरा कुर्ता, डोक्याला फेटा आणि कानाच्या वरच्या कडेला मोत्यांची भिकबाळी, असा त्यांचा थाट असतो. माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर व्हर्निअर आणि गेज घेऊन दांडे मोजणं हे त्याचं काम. जूनमध्ये त्यानं कानाची वरची कड टोचून घेतली होती आणि ऑगस्टमध्ये मला विचारलं, "मामा, आता दुखत नाही, लसही येत नाही. ही खुंटी काढून भिकबाळी घालू का?"

प्रश्न दोन ओळींचा होता. उत्तर शोधत गेलो, आणि कानाकडे बघायची माझी नजरच बदलून गेली.

कान म्हणजे एकच अवयव असं आपल्याला वाटतं. पण पाळी आणि वरची कड ही दोन वेगळी राज्यं आहेत. पाळीत चरबी असते, भरपूर रक्त खेळतं. ती टोचली तर सहा ते आठ आठवड्यांत बरी होते. वरच्या कडेत मात्र कूर्चा असते. कान दुमडून सोडला की तो टुणकन पूर्ववत होतो, ती करामत या कूर्चेतल्या लवचीक तंतूंची. आणि या कूर्चेला स्वतःची एकही रक्तवाहिनी नाही! तिच्या पेशी बारीक बारीक खळग्यांत बसलेल्या असतात आणि त्यांचं अन्नपाणी बाहेरच्या पातळ आवरणातून झिरपत येतं, भिंतीत ओल उतरावी तसं. जिथे रक्त पोचत नाही तिथे डागडुजीचं सामान उशिरा पोचतं, आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशीही उशिराच पोचतात. म्हणून ही कड बरी व्हायला सहा महिने ते एक वर्ष लागतं.

या काळात शरीर तिथे जे करतं ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. आपण म्हणतो, कानाला भोक पाडलं. शरीराच्या लेखी ती जखम असते, आणि जखम बुजवणं हा त्याचा धर्म. पण मध्ये धातूची दांडी आडवी असते. मग शरीर दुसरी वाट काढतं. कानाच्या पुढच्या तोंडाकडून आणि मागच्या तोंडाकडून कातडी दांडीला धरून आत सरकू लागते, इंचाइंचानं नव्हे तर पेशीपेशीनं. घाटातला बोगदा दोन्ही बाजूंनी खणत आणावा, तशा या दोन कातड्या शेवटी मध्यावर भेटतात. भेटल्या की बोगद्याला आतून अस्तर लागतं. मग ते भोक राहत नाही. ती शरीरानं स्वतः बांधलेली, कातडीनं मढवलेली नळी होते.

भाच्याची फसगत नेमकी इथेच होत होती. बोगद्याची तोंडं आधी तयार होतात, मध्य सगळ्यात शेवटी. बाहेरून कान छान दिसतो, दुखत नाही, खपली धरत नाही, आणि आत एखाद मिलिमीटर भाग अजून उघडा असतो. त्यातून खुंटी ओढून काढायची आणि भिकबाळीची वाकडी तार घुसवायची, म्हणजे नुकतं लागलेलं अस्तर खरवडायचं. आषाढात टोचलेली कड भाद्रपदात भिकबाळीला तयार नसते.

खरवडलं तर काय होतं, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तालमीतल्या जुन्या पैलवानांचे कान पाहिले की पुरे. कुस्तीत कान चेंगरला की आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचतं. कूर्चेचं झिरपतं अन्नपाणी तुटतं, ती मरते, आणि कान आक्रसून गाठीगाठींचा होतो. टोचलेली कड पिकली तर रक्ताऐवजी पू साचतो, पण पुढची गोष्ट तीच. ओळखायची खूणही शरीररचनेनंच दिलेली आहे: वरचा कान लाल, गरम, सुजलेला आणि ठणकणारा, पण पाळी मात्र जशीच्या तशी, कारण पाळीत कूर्चाच नाही. असं दिसलं तर थांबू नये, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. आणि दागिना घाईनं काढू नये. तोंडं मिटली तर पू आतच कोंडतो. काढायचा की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्यावं.

हा उत्पात बहुतेकदा सूडोमोनास नावाचा जंतू करतो. ओल हे त्याचं माहेर. २००० साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात दागिन्यांच्या एका छोट्या दुकानात कानाची कड टोचून घेतलेल्या अनेकांचे कान असे पिकले. माग काढला तेव्हा हा जंतू सापडला तो तिथल्या जंतुनाशक द्रावाच्याच बाटलीत. कारखान्यातल्या माणसासाठी यात एक जवळची गोष्ट आहे. यंत्रावर कापणीच्या वेळी पडणारं पाणीमिश्रित कूलंट जुनं झालं की त्यातही सूडोमोनासच्या घराण्यातले जंतू मजेत वाढतात. भाच्याच्या हातात दिवसभर जे दांडे येतात ते कूलंटनं ओले असतात, आणि हात कानाकडे जायची सवय कुणाला नसते? त्याला मी पहिली ताकीद दिली ती हीच: साबणानं हात धुतल्याशिवाय कानाला बोट लावायचं नाही. ज्यांच्या खात्यात फिरत्या यंत्राजवळ दागिना चालत नाही, त्यांनी तर टोचायच्या आधीच सेफ्टीवाल्यांना विचारून घ्यावं. रोज कामाच्या पाळीला काढून रोज घालणं हे नव्या बोगद्याला झेपत नाही. तो काही तासांतही आवळू शकतो.

दागिना बदलायची वेळ खरंच येते, तेव्हाची युक्ती मला सुश्रुताकडे वाचायला मिळाली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यावर आहे. पाळी उन्हाकडे धरून जिथे उजेड आरपार दिसतो तिथे टोचावं. पाळी पातळ असेल तर सुईनं, जाड असेल तर आरीनं. मग कापसाची वात घालून तेल सोडावं. आणि दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात घालावी. हे सगळं पाळीबद्दल आहे, कडेबद्दल नाही, आणि आज आपण टोचलेल्या कानात तेल घालणार नाही. पण एका वातीच्या जागी दुसरी आणायची, वाट रिकामी पडू द्यायची नाही, ही त्यातली जाण अजूनही खरी आहे. आजचा जाणता कारागीर जुन्या दांडीच्या टोकाला नवी टेकवतो आणि एकीनं दुसरीला ढकलत नेतो. जुनी बाहेर पडते तेव्हा नवी आत पोचलेली असते. पहिला बदल म्हणूनच टोचणाऱ्याकडूनच करून घ्यावा.

एक बदल मात्र लवकर करावा लागतो. सूज धरायला जागा हवी म्हणून सुरुवातीची दांडी मुद्दाम लांब असते. सूज उतरली, साधारण महिना-दोन महिन्यांत, की तीच लांबी हेल्मेटच्या अस्तरात अडकते, उशीवर दबते आणि बोगदा तिरका करते. तेव्हा कारागिरानं तिथे आखूड दांडी बसवायची.

पुढचं भाच्याला मला शिकवावं लागलं नाही, त्यानंच मला शिकवलं. जाडी गेजमध्ये मोजतात आणि आकडा वाढला की तार बारीक होते: १६ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, १८ म्हणजे १.०. तार जितकी बारीक तितकी ती कातडीत रुतते. आणि जाड दांडी रेटली तर अस्तर फाटतं. दांडीवर बाहेरून आटे असतील तर ते करवतीसारखे नळीतून जातात. आटे मण्यावर आणि दांडीच्या आत असावेत, बाहेरचं अंग आरशासारखं गुळगुळीत. चांगल्या खुंटीचं टायटॅनियम सांध्यांच्या रोपणात वापरतात त्याच जातीचं असतं. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा इतका पातळ थर धरतो की तो डोळ्याला दिसत नाही, आणि त्या थरामुळेच शरीराला आतला धातू जाणवत नाही. एक ग्रॅम सोन्याच्या मुलाम्याचं तसं नाही. मुलामा झिजला की खालचं पितळ आणि कधी निकेल उघडं पडतं. निकेलनं इतक्या लोकांना खाज आणि पुरळ येतं की युरोपनं १९९४ मध्येच त्यावर कायदा केला.

पूर्ण बरा झालेला कान घरी हाताळायचा असेल तर कोमट पाण्यानं अंघोळ झाल्यावर, कातडी मऊ असताना. हात धुतलेले, दागिना स्वच्छ, मेडिकलमधल्या सलाइननं कान ओला केलेला, बेसिनच्या जाळीवर बूच. हळद, स्पिरिट, डेटॉल यांतलं काही नको. नव्या कातडीला ते सोसत नाही. अडलं तर रेटायचं नाही, जुनी दांडी परत घालून कारागिराकडे जायचं. घातल्यावर फिरकी रोज चाचपायची. आपल्याकडच्या बायका बुगडी पिढ्यान्‌पिढ्या याच कडेला घालत आल्या, आणि बुगडीचं मळसूत्र तपासायची सवय त्यांच्या बोटांत होती.

भाच्यानं या वर्षी दाबाची भिकबाळी घेतली, टोचलेल्या जागेपासून दूर, दुसऱ्या कानाला. मिरवणुकीच्या आदल्या रात्री मी त्याच्या कानामागे मोबाइलचा टॉर्च धरला. पाळी जास्वंदीसारखी लाल उजळली. वरची कड जरा फिकट, तिच्या कातडीत रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या, आणि मधोमध त्या खुंटीची काळी रेघ. तिच्या दोन्ही टोकांकडून आत येणारी कातडी अर्थातच दिसत नव्हती. "अजून किती राहिलं असेल, मामा?" त्यानं विचारलं. टॉर्च तसाच धरून आम्ही दोघं बराच वेळ बघत राहिलो.